लाल हेल्मेट, काळी खडी

सातारा,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आप्पांना राजनंदिनीचा सा. न. वि. वि.

मी बरी आहे. आईला सांगा, डब्यातले लाडू संपले. मी दोनच खाल्ले, बाकीचे हॉस्टेलने खाल्ले. आमचे मोबाइल अजून वॉर्डनबाईंच्या कपाटातच असतात. रविवारी दहा मिनिटं मिळतात, पण तुमच्याशी फोनवर बोलून काय उपयोग? मी इकडून घसा फोडायचा आणि तुम्ही दोनदा व्हय व्हय म्हणून फोन आईकडे द्यायचा. जन्मभर कॉम्प्रेसरशेजारी उभं राहून ट्रॅक्टर रंगवलेत, त्याचे भोग आता माझ्या घशाला. म्हणून आपलं पत्रच बरं.

मोठी बातमी अशी, की १६ मार्चला निवडीची सायकल शर्यत आहे. साताऱ्यातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जायचं आणि तसंच परत खाली. पहिल्या चार मुली राज्याच्या शिबिराला जाणार. चढाला मी सध्या तिसरी असते. उताराला सोनिया मला मागे टाकते. ती फलटणची, माझ्याच खोलीत राहते. ब्रेक नावाची वस्तू तिला ठाऊकच नाही.

आता काम सांगते. बिराप्पा मामांच्या एसटीतून माझं हेल्मेट पाठवलं आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही सांगलीहून आणलेलं तेच. पांढऱ्याचं पिवळं झालंय, आणि स्टोअरच्या लोखंडी रॅकवरून पडून एका बाजूला चांगलंच खरचटलंय. मुली त्याला उकडलेलं अंडं म्हणतात. शर्यतीला ते घालून जायची मला लाज वाटते हो आप्पा. तुमच्या ट्रॅक्टरचा लाल रंग त्याला द्याल का? मात्र आत थर्माकोलसारखं काहीतरी आहे, तेवढं सांभाळा. हेल्मेटला रंग दिलेला चालतो का, हे इथे मुलींना विचारलं, पण कुणालाच नक्की माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल.

आजीला नमस्कार. तुमची माया माझ्यावर आहेच, थोडी त्या हेल्मेटवरही असू द्या.

तुमची,
नंदी

•

तासगाव,
रविवार, ९ फेब्रुवारी

चि. राजनंदिनीस आप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं उकडलेलं अंडं पोचलं. मी बोलतो तसंच लिवतो, तुझ्या कालेजच्या बाईंनी हे वाचू नये.

रंग द्यायला मला म्हाईत असंल का, असं इचारतीस व्हय? एकतीस वर्सं झाली ह्या धंद्याला. द्राक्षाच्या हंगामात तासगावच्या रस्त्याला हुबी ऱ्हा आनि लाल ट्रॅक्टर मोज, निम्मे माझ्या हातचे हायेत. आनि थर्माकोलचं मला शिकवू नगंस. तू चार वर्सांची आसताना गल्लीच्या गणपतीच्या मखराला मी सोनेरी ऑईलपेंटचा फवारा मारला हुता. सकाळी बगतोय तर मखराची चाळण झालेली! सगळी गल्ली हसली, तुझी आजी तर अजून हसतीया. तवापासनं थर्माकोल दिसला की मी लांब उभा ऱ्हातो.

म्हणून तुझ्या हेल्मेटात आतनं पेपर कोंबला, कडंनं पट्टी चिकटवली, एक थेंब आत जाऊ दिला न्हाई. वर धुळीचा आनि हाताच्या तेलाचा चिकटा बसला हुता, त्यो थिनरच्या फडक्यानं दोनदा पुसला. पुसल्याबिगर माझा फवारा चालतच न्हाई. मग पालीश पेपरनं घासलं, खरचटलेली बाजू लांबी, म्हंजे पुट्टी, भरून सपाट केली, मग अस्तर, मग दोन हात लाल. ट्रॅक्टरच्या बॉनेटला कुठं चेपलं की आमी लांबी भरतो, तसंच. ठोकर कुठं लागली हुती ते तू डोळं झाकून बोट फिरवून सांग, बक्षीस देतो. धूळ बसू नये म्हणून दोन दिस शेजारच्या वीरधवलच्या बेदाण्याच्या शेडात टांगून ठेवलं. द्राक्षांच्या जाळीवर मधी एकच लाल हेल्मेट. बायका बेदाणा निवडायच्या सोडून तेच बगत हुत्या. मागल्या बाजूला ‘नंदी’ असं बारीक लिवलंय.

रॅकवरनं पडलं म्हनतीस. बरं. तुला कुठं खरचटलं-बिरचटलं न्हाई न्हवं? आजी इचारतीया.

तुझ्या आईनं लाडू दिल्यात. ह्या टायमाला हॉस्टेलला देताना आदी मोजून चार सोताला ठेव.

तुझा,
आप्पा

•

सातारा,
रविवार, १६ फेब्रुवारी

तीर्थरूप आप्पांना नंदीचा सा. न. वि. वि.

हेल्मेट हातात घेतलं आणि मला रडूच आलं. काय रंग दिलाय हो! नवीन हेल्मेटलासुद्धा अशी चकाकी नसते. बोट फिरवून पाहिलं, ठोकर सापडली नाही. बक्षीस बुडालं. सोनियाने तर दोनदा डोक्यावर चढवून आरशात पाहिलं. आपल्या वडिलांना फक्त कांद्याच्या पोत्यावर नाव लिहिता येतं, असं म्हणाली.

पण आप्पा, एक घोटाळा झालाय. आमचे कोच जयराज सर फौजेतून आलेले. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. त्यांनी हेल्मेट उलटं केलं, टकटक वाजवलं आणि कुणी रंगवलं म्हणून विचारलं. मी अभिमानाने सांगितलं. तर म्हणाले, हेल्मेटला असा रंग द्यायचा नसतो. सोबतच्या कागदावरच लिहिलेलं असतं, की रंग, थिनर, पेट्रोल लावू नका. थिनरने वरचं कवच ठिसूळ होतं आणि डोळ्यांना ते दिसत नाही. शिवाय रंगाखाली जुनी भेग असली तर ती झाकली जाते. मला इतका राग आला! माझे वडील एकतीस वर्षं हेच काम करतात, असं मी सगळ्यांसमोर सुनावलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, तुझे वडील लोखंड रंगवतात, आणि लोखंड डोक्यावर घालत नाहीत.

मग त्यांनी थिनर वापरलं का म्हणून विचारलं. मी नाही म्हणाले. पाण्यातला रंग आहे म्हणाले. आप्पा, मला माहीत आहे हे खोटं आहे, पण पुढचं ऐका. सरांनी सांगितलंय, की वडिलांकडून दोन ओळी लिहून आण. थिनर लावलं नाही आणि आधी भेग नव्हती, एवढंच. तोपर्यंत सपाटीला हे वापर, घाटात नाही. तुम्ही तेवढ्या दोन ओळी सहीनिशी पाठवा ना. तुम्ही रंगवलेलं हेल्मेट घालूनच मला उतरायचं आहे. दुसरं कुठलंही मी घालणार नाही.

कधी रागावला नाहीत, आताही रागावू नका.

तुमची,
नंदी

•

तासगाव,
गुरुवार, २० फेब्रुवारी

चि. नंदीस आप्पाचे आशीर्वाद.

हे पत्र पोस्टात टाकत न्हाई. उद्या सकाळच्या गाडीनं बिराप्पाच्या हातात देतोय. तुझ्या हातात पडल्याबिगर साताऱ्यातनं हलू नगं असं त्येला बजावलंय. वाचशील तवा हेल्मेट कुटं हाय ते आदी बग, मग फुडचं वाच.

तुझं पत्र आलं तवा मला लय राग आला. तुझ्या सरांचा. लोखंड डोक्यावर घालत न्हाईत म्हनं! दिवसभर पोरांवर वराडत हुतो. तुझी आई म्हनली, एवढा राग येतोय म्हंजे कुटंतरी खरं आसंल. मग भंगारवाल्याकडं गेलो. त्येच्या ढिगात सायकलचं एक जुनं हेल्मेट घावलं, बरं हुतं, ठोकर न्हवती. मधोमध चिकटपट्टी मारली. डावी बाजू माज्या नेहमीच्या थिनरनं दोनदा पुसली, तुझं पुसलं तसंच, उजवी तशीच ठेवली. रातभर वाळू दिलं. आज उन्हात धरून बगितलं तर डाव्या बाजूवर बारीक बारीक रेघा, आटलेल्या तळ्यातल्या चिखलावर पडतात तशा. मग छोटी हातोडी घिऊन दोन्ही बाजूला सारकाच टोला दिला. उजवीला खळी पडली. डावीचा टवका उडाला.

मी तितंच खाली बसलो गं. कामाची पोरं इचाराय लागली काय झालं, तर त्यो टवका त्येंच्या हातात दिला.

तवा त्या दोन ओळी मी लिवून देणार न्हाई. थिनर लावलं हुतं. आनि दुसरी ओळ तर त्याहून मोठी खोटी हाय. भेग हुती. माज्या बोटाएवढी लांब, खरचटलेल्या जागी. घासताना मला दिसली. आत किती गेलीया ते बगायचं सोडून मी लांबी भरली. नंदे, आमच्या धंद्यात मार लागलेला दिसू नये यालाच काम म्हनत्यात. गिऱ्हाईक बोट फिरवून बगतं आनि खूश हुतं. माझा हात सवयीनं गेला. हे बॉनेट न्हाई, ह्याच्या खाली तुझं डोकं हाय, हे त्या येळी माज्या मनातच आलं न्हाई.

आता आनिक एक. ही खडी पुडीत बांधून पाठवलीया. त्या भेगेत रुतून बसली हुती, सुईनं काडली. डांबराची हाय. स्टोअरच्या रॅकखाली डांबर नसतंय. तू पडलीस, हे मला त्या दिशीच कळलं हुतं. मी इचारलं न्हाई. आजीच्या नावावर एक ओळ लिवली आनि गप बसलो. तुझ्या आईनं तुला साताऱ्याला धाडताना म्हनलं हुतं, एकदा जरी डोक्यावर पडली तर घरी आनायची. मी इचारलं आसतं आनि तू पडले म्हनली आसतीस तर मला तुला आनायला यावं लागलं आसतं. तुझं चाललंय ते मोडायचं न्हवतं मला. म्हणून मी बी गप ऱ्हायलो. तू एक खोटं बोललीस, मी त्यावर लांबी भरली.

हेल्मेट सरांच्या हातात दे आनि हे पत्र त्येनला वाचाय दे. मला लाज वाटती, पर दे.

तुझा,
आप्पा

•

सातारा,
रविवार, २३ फेब्रुवारी

तीर्थरूप आप्पांच्या पायांवर डोकं ठेवून नंदीचा नमस्कार. वि. वि.

बिराप्पा मामा शुक्रवारी हॉस्टेलच्या फाटकाशी उभे होते. मी कॉलेजची प्रॅक्टिकल देऊन दुपारी परत येत होते. मी पत्र उघडेपर्यंत ते हलले नाहीत. पहिल्या ओळींत तुम्ही लिहिलंत, हेल्मेट कुठं आहे ते बघ. मी धावत खोलीत गेले. खुंटी रिकामी होती.

आप्पा, ते सोनियाच्या डोक्यावर होतं. तिच्या हेल्मेटचा पट्टा सकाळी तुटला, मी नव्हते, लाल रंगाची तिला हौस, घेतलं आणि गेली. मुली सरांच्या मदतनीस मॅडमबरोबर यवतेश्वरला चढून गेल्या होत्या, उताराच्या सरावाला. मी तशीच धावत सुटले. सर कचेरीत होते. मी पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, थिनरचं, भेगेचं आणि माझ्या पडण्याचं. त्यांनी अर्धंच ऐकलं आणि मोटारसायकलची किल्ली उचलली. मी मागे बसले. जाताना मी सरांच्या मोबाइलवरून मॅडमना फोन लावत होते, पण लागत नव्हता. घाटाच्या प्रत्येक वळणावर मी वर बघत होते, की लाल काही खाली येतंय का. तेवढा वेळ मी देवाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

वर पोचलो तेव्हा मुली रांगेत उभ्या होत्या. सोनिया पहिली. पट्टा लावून, एक पाय पेडलवर ठेवून. सरांनी गाडी तिच्या पुढ्यात आडवी घातली. ती चिडली, माझ्यावर ओरडली, की एवढ्याशा हेल्मेटसाठी इतका तमाशा कशाला. मी तिला मिठी मारली तर तिला काही कळेना.

सरांनी तिथेच बसून आतली गादी काढली. तुम्ही आतून पेपर लावला होता हे खरं. पण थिनर वरून गेलं, भेगेतून. भेगेखाली थर्माकोल विरघळून सुपारीएवढा खड्डा झाला होता. सरांनी अंगठ्याने दाबलं तर वरचं कवच तिथे कटकन आत गेलं. मॅडमनी सोनियाला आपलं हेल्मेट दिलं, आणि घाट उतरताना तिने पहिल्यांदा ब्रेक लावले.

आता माझं सांगते. १९ जानेवारीला त्याच घाटात, चौथ्या वळणावर, खडीवर चाक घसरलं. डोकं आपटलं. उठले तेव्हा थोडा वेळ झाडं दोन दोन दिसत होती. कुणी बघितलं नव्हतं, म्हणून कुणाला सांगितलं नाही. सरांना सांगितलं असतं तर त्यांनी मला बसवून ठेवलं असतं, आणि तुम्हाला सांगितलं असतं तर घरी आणलं असतं. रंग द्यायला पाठवलं तेही खरं तर त्याचसाठी. लाज वगैरे वाटत नव्हती. ती खरचटलेली बाजू रोज डोळ्यांसमोर नको होती. म्हणजे लांबी तुम्ही नंतर भरलीत, आधी मीच भरली होती.

सरांनी काल डॉक्टरांकडे नेलं. डोकं ठीक आहे म्हणाले. पण १६ मार्चच्या शर्यतीतून सरांनी माझं नाव काढलं. डोक्याला लागलेलं लपवणारी मुलगी मी उताराला सोडणार नाही, असं म्हणाले. महिनाभर रस्त्यावर सायकल बंद. मी खूप रडले आप्पा. अजूनही रडते आहे, कागद बघा. पण ते चुकीचं बोलले असं मला म्हणता येत नाही. तुमचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं, आणि ते आपल्याजवळ ठेवू का म्हणून मला विचारलं.

आईला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. घरी ये म्हणालात तर येईन.

माझ्यावरचा जीव कमी करू नका एवढंच मागते.

तुमची,
नंदी

•

तासगाव,
रविवार, २ मार्च

चि. राजनंदिनीस आप्पाचे आनि आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र मी आईला मोठ्यानं वाचून दावलं. मला सोताचा आवाज ऐकू येत न्हाई, तवा किती मोठ्यानं वाचलं ते शेजारच्यांना म्हाईत. आई रडली, मला बोलली, तुला बोलली, मग तुझ्या सरांना दोन डबं लाडू करायला बसली. तुला घरी आनायचं का असं मी इचारलं. ती म्हनली, पोरगी खरं सांगाय लागली आनि आता आनायची व्हय? झालं. विषय मिटला.

शर्यत गेली त्येचं मला बी लय वाईट वाटलं. वाईट वाटलं न्हाई असं मी म्हननार न्हाई. रोज कॅलेंडरावर सोळा तारीख दिसती. पर सोनिया त्या वळनावरनं खाली आली न्हाई, हे आटवलं की भाकर गोड लागती. त्या पोरीच्या बापाला मी कोनतं तोंड दावलं आसतं?

जयराज सरांनी ते लाल हेल्मेट बिराप्पाकडनं परत धाडलं. मी वरचा रंग आनि लांबी खरवडून भेग उघडी केली, तिच्या कडंनं पांढरी रेघ मारली, आनि दुकानात दर्शनी खिळ्याला टांगलं. खाली पाटी लिवलीया, हेल्मेट रंगवून मिळणार नाही. परवा पलूसकडचा एक जन आला, मोटारसायकलचं हेल्मेट काळं करून द्या म्हनला. मी त्येला खिळ्यावरचं दावलं. त्यो बोट घालून बगत हुता, आनि मी एकतीस वर्सांत पयल्यांदा गिऱ्हाईकाला मार लागलेली जागा आपन हून दावत हुतो.

नवीन हेल्मेट सांगलीहून आनलंय. लाल मिळालं न्हाई, पांढरंच हाय. त्येला मी हात लावला न्हाई. पुसलं सुदिक न्हाई. नाव लिवायला हात लय शिवशिवला, मग तुझ्या आईनं कापडी पिशवी शिवली आनि मी पिशवीवर लिवलं. पिशवी लाल हाय. सोबतचा कागद मी सगळा वाचला, तू बी वाच. एकदा पडलं की टाकून द्यायचं असं त्यात लिवलंय.

आनि एक ध्यानात ठेव. मला ऐकू येत न्हाई, पर वाचता येतंय. पडलीस तर लिव. मी घाबरंन, पर वाचीन.

तुझा,
आप्पा

•

सातारा,
रविवार, ६ एप्रिल

ती. आप्पांना सा. न.

कार्डावर जागा कमी आहे, म्हणून आधी मुख्य.

आज पडले. महिन्यानंतरचा पहिलाच उतार होता. तेच चौथं वळण, तीच खडी. गुडघा आणि कोपर सोललंय. डोकं टेकलं नाही, हेल्मेटही नाही, तरी सरांनी ते उन्हात धरून सगळीकडून पाहिलं. मी जमिनीवरून उठायच्या आधीच ओरडून सांगितलं होतं, की पडले.

पुढची निवड ऑगस्टमध्ये आहे. आईला तुम्ही सांगा, पण जेवण झाल्यावर सांगा.

तुमची,
नंदी